वाचनालयाच्या हिरव्या भिंती

ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारानंतरचा सोमवार. वाचनालयाची पूर्वेची आणि उत्तरेची भिंत हिरवी रंगवून झाली आणि डबे संपले. जबाबदार : चार भिंतींसाठी दोन भिंतींचे डबे आणणारे चिटणीस.

ईस्टरच्या आठवड्यातला बुधवार. माणिकपूरच्या रंगवाल्याने सांगितले, पहिल्या डब्यांची कंपनी हा रंग आता काढत नाही. दुसऱ्या कंपनीत त्याच नावाचा आहे, तोच समजा. जबाबदार : रंगवाला, आणि त्याच्या ‘समजा’ या शब्दावर विसंबून डबे उचलण्यास संमती देणारे अध्यक्ष.

अक्षय तृतीयेनंतरचा शनिवार. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत दुसऱ्या कंपनीच्या रंगाने पूर्ण. संध्याकाळी, दिवे लावून, समितीने पाहणी केली आणि ‘चारही भिंतींचा रंग एकसारखा’ असा ठराव संमत केला. जबाबदार : उपस्थित सर्व सभासद.

गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस. दृष्टी अधू झाल्याचे कारण देऊन तुझ्याकडून वाचनालयाची किल्ली परत घेण्यात आली. जबाबदार : अध्यक्ष आणि चिटणीस, संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे.

सर्व मृतांच्या स्मरणदिनानंतरचा शुक्रवार. तू गेलास. यास कोणी जबाबदार नाही. हृदयाला नोटीस बजावण्याची तरतूद माझ्या माहितीत नाही.

अंतोन, इंग्रजी तारखा माझ्या अर्जांवर आहेत. येथे मी त्या गावाला आठवतील अशा मांडल्या आहेत, कारण आपल्या वाडीत निम्मी माणसे चर्चच्या कॅलेंडरवर जगतात आणि निम्मी पंचांगावर, आणि तुला दोन्ही पाठ होती. माझा उपवास केव्हा आहे हे मला बऱ्याचदा तूच सांगायचास.

काल अध्यक्ष माझ्याकडे आले होते. येत्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयात तुझी शोकसभा आहे. तुम्ही त्याचे बालमित्र, तेव्हा दोन शब्द लिहून द्या, चिटणीस वाचून दाखवतील, असे म्हणाले. मी होकार दिला. उंबऱ्यावर चप्पल घालताना ते पुढे म्हणाले की भिंतीचा विषय मात्र नको. तसेही गुरुवारी रंगारी येत आहेत, सगळे पांढरे करून घेतो, म्हणजे प्रश्नच उरणार नाही.

त्यांना निरोप देऊन मी टेबलाशी बसलो, तो हे लिहीत आहे. दोन शब्दांत बसणारे नाही. आणि चिटणिसांनी वाचण्याजोगेही नाही, म्हणून मी ते वाचनालयाच्या बाहेरच्या फलकावर लावणार आहे. त्या फलकाला किल्ली लागत नाही.

तुला आठवत असेल, मी कोर्टातून निवृत्त झालो तेव्हा तू म्हणाला होतास की आता या माणसाला रागवायला रोज कोणी तरी लागणार, आणि ते आपल्या वाडीत पुरणार नाहीत. वसईच्या कोर्टात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारींना क्रमांक दिले. निवृत्तीनंतर स्वतःच्या लिहू लागलो. टपालखात्याला, वीजमंडळाला, एस.टी.ला. आणीबाणीत माझे हितचिंतक घरी येऊन हात जोडत, तेव्हाही मी थांबलो नाही. त्यातले प्रत्येक पत्र मी वाचनालयात, उत्तरेच्या भिंतीलगतच्या टेबलावर लिहिले, आणि प्रत्येक पत्र टपालात पडण्यापूर्वी तू वाचलेस. तू त्यातली विशेषणे काढायचास. “वकील, हा ‘निर्लज्ज’ खोड. कागदाला घाम येतो.” मी वकील नव्हतो, कारकून होतो, हे तुला पक्के ठाऊक होते, म्हणूनच तू मला चारचौघांत वकील म्हणायचास. या पत्रातली विशेषणे काढायला आता कोणी नाही. तरीही मी ती घालण्याचे टाळतो आहे. याची नोंद घे.

चर्चमधली सकाळची पहिली मिस्सा आटोपून तू सायकलवरून यायचास. कुलूप काढायचे, सगळ्या खिडक्या उघडायच्या, वर्तमानपत्रांच्या घड्या मोडून ती काठ्यांना लावायची आणि मग दारात उभे राहून क्षणभर खोली बघायची. या कामाचे तू काही घेत नव्हतास. रेल्वेच्या नोकरीत उभा जन्म लोकांना जाताना पाहिले, आता येताना पाहू दे, असे म्हणायचास. येणारे तरी कोण? मी, भाजी विकून परतणारे दोघे-तिघे, शाळेतले एक मास्तर. पण तू खिडक्या अशा उघडायचास की जणू शंभर माणसे यायची आहेत.

म्हणूनच ती गोष्ट प्रथम तुझ्या लक्षात आली. समितीच्या त्या शनिवारच्या पाहणीनंतर रविवारी वाचनालय बंद होते. सोमवारी सकाळी तू माझ्या दारात उभा होतास, सायकलवरून उतरलासुद्धा नाहीस. “चल. भिंती बघ.”

मी आलो. आणि मी पाहिले. पूर्वेची आणि उत्तरेची भिंत केळीच्या कोवळ्या सुरळीसारखी, पिवळसर. दक्षिणेची आणि पश्चिमेची निळसर, गार, मोरीच्या फरशीवर शेवाळ धरते तशी. दोन्हींच्या डब्यांवर नाव एकच : ॲपल ग्रीन. त्यावर तू जे बोललास ते मी समितीला लिहिलेल्या पहिल्या अर्जात घातले होते, पण तूच खोडायला लावलेस : “सफरचंद आपल्याकडे येते ते लाल. हिरवे कोणी पाहिलेय? केळ लिहिले असते तर एवढा घोळ झाला नसता.”

अध्यक्षांचे पहिले उत्तर तोंडी होते. भिंती वेगवेगळ्या दिशांना आहेत, उजेड वेगळा पडतो, म्हणून वेगळ्या दिसतात. हे उत्तर मूर्खपणाचे नव्हते. प्रतिपक्षाचा मुद्दा सबळ असेल तर तसे म्हणावे, हे मी कोर्टात शिकलो. मीसुद्धा दोन दिवस त्यावर विचार करत होतो.

त्या दोन दिवसांत तू मात्र पान घेऊन निघालास.

हा प्रकार आपल्या वाडीबाहेर कोणाला समजणार नाही. आपल्याकडे हिरव्याला आकडा नसतो, पान असते. साडी घ्यायची तर अळूच्या पानासारखी, दाराला रंग द्यायचा तर नागवेलीसारखा. घरी तुझी बोली वेगळी आणि माझी वेगळी, पण याबाबतीत दोघी सारख्याच. तेव्हा तू पहाटे माझ्या पानवेलीत शिरलास, पानांवर पाने खुडून वाचनालयात नेलीस, एकेक उत्तरेच्या भिंतीला लावून पाहिलेस, आणि एक असे निघाले की भिंतीवर ठेवले तर कडेशिवाय दिसेना. ते ओल्या फडक्यात गुंडाळून तू सायकलने माणिकपूरला गेलास. रंगवाल्याने कार्ड उघडून पानाशी जुळणारा एक क्रमांक दिला. तेवढ्यावर समाधान न होता तू ऊन डोक्यावर असताना विरारला गेलास, तेथे दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीच्या कार्डातला क्रमांक दिला. परतताना आणखी एका दुकानात तिसरा. संध्याकाळी तू विजयी मुद्रेने तिन्ही क्रमांक माझ्यासमोर ठेवलेस आणि फडके उघडलेस. आत पान काळपट, मऊ, कडेने पिवळे पडलेले. सकाळी एक हिरवा, दुपारी दुसरा, चारला तिसरा. प्रत्येक दुकानदाराने आपापल्या वेळेचे पान इमानाने जुळवले होते.

मी तुला म्हणालो की नाशवंत पुरावा गुंडाळून फिरवत नाहीत. भिंतीचाच खपला काढून न्यायला हवा होता. तू पान उचललेस, त्याच्याकडे पाहिलेस आणि म्हणालास, “सार्वजनिक भिंत मी खरवडणार नाही. पान तर तुझे होते.” मग ते तू खाल्लेस. चुना-सुपारीशिवाय.

पुढे चिटणिसांनी सभेत हीच गोष्ट रंगवून सांगितली आणि सभासद पोट धरून हसले. पानावरून रंग ठरवणारा माणूस पुस्तके काय सांभाळणार, असे एक वाक्य त्या हसण्यात कोणी तरी टाकले. तू स्वतःही हसत होतास, हे मला तेव्हा आवडले नाही आणि आजही आवडत नाही. हसणाऱ्या माणसाची तक्रार कोणी नोंदवून घेत नाही, अंतोन.

मी माझ्या पद्धतीने गेलो. दोन्ही कंपन्यांना रजिस्टर पत्रे लिहिली : आपण एकाच नावाने दोन भिन्न रंग विकत आहात, यापैकी खरा ॲपल ग्रीन कोणाचा, आणि हे ठरवणारा अधिकारी कोण? एका कंपनीने उत्तर दिले. अत्यंत सभ्य उत्तर. कार्डावरील रंग छपाईच्या मर्यादेमुळे केवळ मार्गदर्शक समजावा, नावे प्रत्येक कंपनीची स्वतःची असतात, अन्य कंपनीच्या रंगाशी ते जुळण्याची हमी कोणीही देत नाही. दुसरीने उत्तर दिले नाही. म्हणजे नाव हा पुरावा नाही, क्रमांक हा पुरावा नाही, कार्ड हा पुरावा नाही आणि पानाचे तर तू भोजनच केलेस. पुरावा उरला एकच. भिंत.

तो पुरावा तुला सापडला श्रावणात. आणि त्यासाठी मी तुझा ऋणी आहे, कारण म्हातारपणी आपल्याला काही नवे दिसेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

पहिल्या दोन भिंती झाल्यावर वायरमनने दिव्याचे बटण उत्तरेच्या भिंतीवर हलवले होते. तेथे गिलावा फुटला, तो भरला, आणि रंगाऱ्याने शेवटी जाताना त्यावर दुसऱ्या कंपनीच्या डब्यातला हात मारला. त्यामुळे पिवळसर भिंतीवर, बटणाभोवती, ताटाएवढा एक निळसर तुकडा. एकच भिंत, एकच दिशा, एकच उजेड. अध्यक्षांचा मुद्दा तेथेच संपत होता. दिवसभर तो तुकडा ठिगळासारखा दिसे. तरी चिटणीस शपथेवर म्हणत होते की ठिगळ वगैरे काही नाही, आम्ही पाहिले, आणि मला ते खोटे बोलताहेत असे वाटत होते.

त्या दिवशी पावसाची झड आत येऊ लागली म्हणून तू एकेक खिडकी लावत गेलास आणि मी वाचता येईना म्हणून बटण दाबले. तुकडा गेला. मी चष्मा पुसला. तुला हाक मारली. तू आलास, भिंतीवरून हात फिरवलास, तुझ्याही डोळ्यांना तो सापडेना. भिंत सलग. मग तू जाऊन खिडकी उघडलीस, मी दिवा मालवला, आणि तुकडा परत आला. पुन्हा खिडकी, पुन्हा दिवा. तू खिडकीशी, मी बटणाशी. दोन म्हातारे, बाहेर पाऊस, आणि भिंतीवर तो तुकडा येतोय, जातोय. तू हसता हसता बाकावर बसलास. “घे, आता मीही कमिटीत. मलाही एकच दिसतो.”

तेव्हा उलगडा झाला. कोणी खोटे बोलत नव्हते. समितीचे सारे सभासद मुंबईला नोकरीला, त्यांची सभा संध्याकाळी दिव्याखाली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हे दोन हिरवे एक होतात आणि दिवसाच्या उजेडात दोन. असे का होते ते मला समजलेले नाही; एखाद्या रसायनवाल्याला समजेल. मला एवढे समजते की पाहणी दिवसा व्हायला हवी होती.

मी त्याच दिवशी अर्ज दिला. रविवारी दिवसा पाहणी करण्याचे समितीने मान्य केले. रविवारी मिस्सा सुटल्यावर अध्यक्ष आणि चिटणीस छत्र्या घेऊन आले. पाऊस कोसळत होता. पुस्तके भिजतील म्हणून चिटणिसांनी खिडकी उघडू दिली नाही आणि दिवा लावला. तू म्हणालास, एकच खिडकी, एक मिनिट. अध्यक्ष म्हणाले, “अंतोनभाऊ, दिवा लावूनसुद्धा आम्हाला दिसत नाही, आणि तुम्हाला अंधारात दिसते? डोळे तपासून घ्या.” ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून, आपुलकीने म्हणाले. म्हणूनच ते वाक्य टिकले.

तू डोळे तपासून घेतलेस. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. मी हे दडवत नाही. तूही दडवले नाहीस, सरळ जाऊन समितीला सांगितलेस. मी तुला बजावले होते की विचारल्याशिवाय प्रतिकूल माहिती देऊ नये. तू म्हणालास की त्यांनी विचारलेच होते. आपल्यात यावरून जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही. तू तुझ्या बोलीवर गेलास, मी माझ्या, आणि रस्त्यावरची माणसे थांबून ऐकू लागली.

डावा डोळा निर्दोष होता. तू उजवा झाकून पाहिलेस, डावा झाकून पाहिलेस. दोन्हींना दोन हिरवे दिसत होते. हे मी अर्जात लिहिले. अर्ज वाचला गेल्याची नोंद कोठेही नाही. सभेत अध्यक्ष म्हणाले की अंतोनभाऊंचे डोळे गेले, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चिटणीस आले व तू किल्ली दिलीस. तेव्हापासून वाचनालय फक्त संध्याकाळी उघडते, चिटणीस मुंबईहून परतल्यावर. म्हणजे किल्ली गेल्यापासून त्या भिंती दिवसाच्या उजेडात कोणीही पाहिलेल्या नाहीत. मीही नाही.

मला सगळ्या भिंती नव्याने जुळवून रंगवून हव्या होत्या, लेखी दिलगिरीसह. तुला त्यातले काही नको होते. आपण शेवटचे बोललो ते तुझ्या ओट्यावर. मी नव्या अर्जाचा मसुदा आणला होता. तो तू वाचलास, विशेषणे खोडली नाहीस, नुसता परत दिलास. त्यावरून मला कळायला हवे होते की तू थकला आहेस. म्हणालास, “भिंती राहू देत तशाच. दोन आहेत, एवढे कोणी म्हणा.” मग : “तू खरंच पाहिलंस ना? की माझ्यासाठी म्हणतोस?”

मी शपथेवर सांगेन म्हणालो. कोर्टात.

“कोर्टात नको,” तू म्हणालास. “मोनिकाला सांग.”

हे तुझ्या बायकोला कशाला सांगायचे, याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. तुझ्या दफनानंतर कळला. मूठभर माती टाकून मी बाजूला झालो, तर मोनिका वहिनी माझ्याजवळ आल्या. रडत नव्हत्या. त्यांनी विचारले, “भाऊ, यांचे डोळे खरंच गेले होते का?” मग त्यांनी सांगितले. किल्ली गेल्यापासून तू घरात प्रत्येक गोष्टीचा रंग विचारू लागला होतास. ही मिरची हिरवी ना. ही साडी तीच ना, नाताळातली. बागेतून केळीचा घड उतरवताना, पिकायला लागलाय का हे ठरवण्यासाठी वहिनींना हाक मारायचास. जन्मभर ज्याने दुरून घड ओळखला, त्याने. हे तू मला कधी सांगितले नाहीस. माझ्यासमोर तू पानाची गोष्ट सांगून हसत होतास.

मी वहिनींना तेथेच सांगितले : वहिनी, दोन आहेत. त्याला बरोबर दिसत होते. मी दिवसा पाहिले आहे.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “मग हे चारचौघांत कोणी का नाही बोलले?”

अंतोन, मी अनेक पत्रांना उत्तर न येण्याची सवय करून घेतली आहे. पण एका बाईने समोर उभे राहून विचारलेल्या प्रश्नाची सवय मला नाही. आणि त्याचे उत्तर देणे माझ्या अधिकारात नाही. डोळे गेले असे जे सभेत म्हटले गेले, ते सभेतच मागे घेतले गेले पाहिजे, आणि ते म्हणणाऱ्यानेच घेतले पाहिजे. मी लाख वेळा सांगेन. लोक म्हणतील, मित्र आहे.

म्हणून गुरुवार. गुरुवारी रंगारी येतील, भिंती पांढऱ्या करतील, आणि तुझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार चुन्याखाली जाईल. शनिवारी दिवे लागतील, हार घातला जाईल, तू किती प्रेमळ होतास ते अध्यक्ष सांगतील. ते खरेच असेल. त्यांच्या मनात तुझ्याविषयी वाईट नाही, याची मला खात्री आहे. तुला माणूस म्हणून त्यांनी नेहमीच मान दिला. फक्त तू सांगतोस ते दिसते का, हे पाहण्यासाठी एक खिडकी उघडली नाही.

तुझी विशेषणे खोडण्याची सवय मला इतकी लागली आहे की हे सारे लिहूनही राग कागदावर आलेला नाही. तो माझ्याजवळ आहे. तुझ्यामागे मी रोज दहाच्या सुमारास वाचनालयापर्यंत चालत जातो, बंद दार पाहतो आणि परत येतो. टेबल आत आहे. पत्र घरी लिहिता येते, हे मला तुझ्यामुळे आजवर माहीत नव्हते.

आता तुझ्याकडून नजर वळवतो. यापुढचे तुझ्यासाठी नाही.

अध्यक्षमहाशय, रंगाऱ्यांना थांबवा. शोकसभा संध्याकाळी नको. रविवारी, मिस्सा सुटल्यावर, अकरा वाजता घ्या. पाऊस आता संपला आहे, पुस्तके भिजण्याचे कारण उरलेले नाही. सगळ्या खिडक्या उघडा. हार, उदबत्ती, माझे दोन शब्द, काही नसले तरी चालेल. मोनिका वहिनींना पुढे बसवा. मग आपण स्वतः उत्तरेच्या भिंतीशी जा, दिवा मालवा, बटणाभोवती ताटाएवढी जागा आहे तिच्याकडे पाहा, आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अंतोनच्या पत्नीकडे तोंड करून सांगा : हिरवे किती?